बी. ए. तत्त्वज्ञानात मुलं नेमकं काय शिकली, हे तुम्ही कसं मोजता?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे प्राध्यापक, माजी विद्यार्थी, संस्कृतचे अभ्यासक बरेच आहेत, म्हणून मुद्दाम धागा काढतेय.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात १८ वर्षं तत्त्वज्ञान शिकवते. माध्यम मराठी. एफवायला विषय घेणारी तीसेक मुलं असतात, टीवायला स्पेशल घेऊन दहा-बारा उरतात. यंदा ११ आहेत. बहुतेकांच्या घरात कॉलेजला येणारी तीच पहिली.

नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू झाली की आमच्याकडे सीओ-पीओ अटेनमेंटचं काम निघतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक पेपरची चार-सहा कोर्स आउटकम्स म्हणजे अध्ययन निष्पत्ती लिहायच्या. त्या पदवीच्या एकूण उद्दिष्टांशी (पीओ) १, २, ३ असे आकडे देऊन जोडायच्या. मग परीक्षेचे गुण घ्यायचे आणि किती मुलं ठरलेल्या रेषेच्या वर गेली ते काढायचं. आमच्या कॉलेजाने रेषा ५० टक्के गुणांवर ठेवली आहे. ६० टक्के मुलं वर गेली तर पातळी ३, ५० टक्के गेली तर २, ४० टक्के गेली तर १. परीक्षेचं वजन ८०, शेवटी मुलांकडून भरून घेतलेल्या सर्व्हेचं २०.

गेल्या महिन्यात भारतीय तत्त्वज्ञानाच्या पेपरची शीट भरली. पातळी ३ आली. त्याच आठवड्यात तोंडी होती. ७० पैकी ६१ गुण मिळवलेली एक मुलगी समोर बसली होती. अक्षर सुंदर, एकही तास न चुकवणारी. मी सहज विचारलं, "चार्वाक अनुमान प्रमाण का मानत नाहीत गं?" (अनुमान म्हणजे धूर बघून आग ओळखावी तसं, खुणेवरून मिळणारं ज्ञान.) ती म्हणाली, "मॅडम, कारण ते नास्तिक होते."

रात्री मी माझीच प्रश्नपत्रिका काढून बसले. निष्पत्ती लिहिली होती 'विद्यार्थी भारतीय दर्शनांचा चिकित्सक विचार करू शकेल'. प्रश्न होता 'चार्वाकांची ज्ञानमीमांसा सविस्तर लिहा'. त्या प्रश्नाला नोट्समधली दोन पानं जशीच्या तशी पुरतात. मुलीने मी मागितलं तेच दिलं. चिकित्सक विचार मी कुठे मागितलाच नव्हता, आणि तरी शीटमध्ये तो साध्य झाला म्हणून सही करून बसले होते.

तेव्हापासून एकच प्रश्न मनात आहे. तत्त्वज्ञान शिकलेल्या मुलाला असं काय यायला हवं, जे न शिकलेल्याला सहसा येत नाही? आणि ते आलं की नाही हे बघायचं कसं? नॅकसाठी म्हणून विचारत नाहीये. मला स्वतःला कळायला हवंय.

वर्कशॉप

ताई, मी मेकॅनिकलला शिकवतो, त्यामुळे ही पद्धत आमच्याकडून तुमच्याकडे आली असं म्हणायला हरकत नाही. २०१४ मध्ये एनबीए म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळामार्फत भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, म्हणजे इथली अभियांत्रिकी पदवी बाहेरच्या देशांत समकक्ष धरली जावी अशी व्यवस्था झाली. त्यासाठी निष्पत्ती दाखवणं भाग होतं. आमच्याकडे ते बऱ्यापैकी बसतंही. शाफ्टचं डिझाइन करता येतं की नाही हे एका गणितात कळतं.

तुमच्या अनुभवातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. आउटकम आधी लिहून नंतर प्रश्न शोधू नका. आधी प्रश्न लिहा, त्याचं चांगलं उत्तर आणि वाईट उत्तर दोन्ही स्वतः लिहून बघा, मग त्यातून आउटकम लिहा. आपल्या मराठी प्रश्नपत्रिकांत 'स्पष्ट करा', 'विशद करा', 'सविस्तर लिहा' ही तीन क्रियापदं सगळं काम करतात. ब्लूमची १९५६ ची उतरंड (२००१ मध्ये सुधारलेली) स्मरणापासून निर्मितीपर्यंत सहा पायऱ्यांची आहे, पण 'सविस्तर लिहा' म्हटलं की मूल पहिल्या पायरीवरच बसून राहतं. वरच्या पायरीचं नाव सीओमध्ये लिहून काही होत नाही.

एक मागणंही आहे. आम्ही वर्षानुवर्षं १२ पीओ भरले, त्यातला आठवा नीतिमत्तेचा. तो कसा मोजायचा हे आमच्यातल्या कोणालाच धड येत नाही, वस्तुनिष्ठ प्रश्नांवर भागवतो. तुम्हाला काही सापडलं तर आम्हालाही द्या.

रातराणी

मी निवृत्त आहे, ३१ वर्षं हाच विषय शिकवला. कृष्णाकाठ, तुमची तळमळ कळते, पण मोजण्याच्या या वाटेला मनापासून विरोध नोंदवते.

तत्त्वज्ञान आत उतरायला वेळ लागतो. माझा एक विद्यार्थी बी. ए.ला जेमतेम पास झाला होता. वडील गेल्यावर, म्हणजे १४ वर्षांनी, घरी आला आणि तीन तास कठोपनिषदावर बोलत बसला. त्याची निष्पत्ती मी कुठल्या वर्षाच्या रकान्यात टाकायची? प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला भूमिती 'शिकवतो'. तिथे सगळ्यात मोलाचा क्षण कोणता? आपल्याला उत्तर येतं असं वाटणारा मुलगा गोंधळतो, तो. त्या क्षणी परीक्षा घेतली तर तो नापास. आमच्या विषयात टीवायची कितीतरी मुलं नेमकी त्या गोंधळात असतात, आणि असायलाच हवीत.

दुसरं, जे मोजाल तेच मुलं करू लागतील. 'दोन आक्षेप लिहा' म्हणालात की पुढच्या वर्षी बाजारात दोन आक्षेपांच्या नोट्स येतील.

कृष्णाकाठ

रातराणीताई, गोंधळाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण माझी मुलगी गोंधळलेली नव्हती. तिला खात्री होती. 'नास्तिक होते म्हणून' हे तिने न अडखळता सांगितलं. गोंधळणं आणि रिकामी खात्री यांतला फरक तरी मला दिसायला हवा ना? १४ वर्षांनी घरी येणारा एखादाच. बाकीच्यांचं काय झालं हे आपण कधी विचारलंच नाही.

सरासरी

संख्याशास्त्राचा माणूस आहे, थोडं कोरडं लिहितो.

११ मुलांवर टक्केवारी काढू नका. तिथे एक मूल म्हणजे ९ टक्के. ७ मुलं रेषेच्या वर गेली तर ६३.६ टक्के, पातळी ३. ६ गेली तर ५४.५, पातळी २. म्हणजे परीक्षेच्या दिवशी एका मुलाला ताप आला तर तुमच्या विभागाची पातळी उतरते. 'त्रेसष्ट दशांश काही' असं लिहिण्यापेक्षा '११ पैकी ७' लिहा, आणि त्या सातांनी काय लिहिलं ते जोडा.

तीन वर्षांत बदल झाला का हे पाहायचं असेल तर एफवायच्या पहिल्या महिन्यात एक प्रश्न द्या, कागद जपून ठेवा, टीवायच्या शेवटी तोच प्रश्न पुन्हा द्या. मात्र एफवायच्या तीसची टीवायच्या अकराशी तुलना करू नका. स्पेशल घेणारी मुलं मुळातच वेगळी असतात. त्याच ११ जणांचे जुने कागद काढा.

आणखी एक अडचण. १८ ते २१ या वयात मूल तसंही समंजस होतं. इतिहास, मराठी स्पेशलच्या काही मुलांनाही तोच प्रश्न द्या. तीही तेवढीच पुढे गेली असतील तर श्रेय तत्त्वज्ञानाचं नाही. हे बघायला धीर लागतो, पण तुमचा मूळ प्रश्नच 'न शिकलेल्याला काय येत नाही' असा आहे, तेव्हा ही तुलना टाळता येणार नाही.

जुनीपोथी

मी पाठशाळेत काही वर्षं न्याय, म्हणजे तर्काचं दर्शन, शिकलो. धागा वाचताना सारखं वाटत होतं, आपण परक्या पट्टीने मोजतोय म्हणून हा त्रास आहे. या विषयाने स्वतःची परीक्षा कशी घ्यायची याचा विचार फार पूर्वी केलेला आहे.

मिथिलेत शलाका परीक्षा असायची. पोथीत सुई टोचायची, ती जिथे थांबेल ते पान विद्यार्थ्याने उलगडायचं. आणि नुसतं पाठांतर पुरत नसे, शंका येत, त्यांना उत्तर द्यावं लागे.

पण तुमच्या कामाची गोष्ट त्याहून जुनी आहे. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात २२ निग्रहस्थानं सांगितली आहेत, म्हणजे वादात माणूस कुठे कुठे हरला असं धरायचं त्याची यादी. त्यातली काही पाहा. अर्थांतर: चालू विषय सोडून भलतंच बोलणं. न्यून: युक्तिवादाच्या प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या पाचांतला एखादा अवयव गाळणं. अप्राप्तकाल: मांडणीचा क्रम मोडणं. पुनरुक्त: तेच ते पुन्हा सांगणं. अविज्ञातार्थ: तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला न कळणं. ताई, तुम्ही ३० वर्षांचे पेपर तपासा, उत्तरपत्रिकेत याबाहेरचे दोष फार थोडे सापडतील.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अननुभाषण. प्रतिपक्षाचं म्हणणं तीनदा सांगून झालंय, सभेला ते कळलंय, तरी तुम्हाला ते परत मांडता येत नाही. नैयायिक म्हणतात, इथेच तुम्ही हरलात. खंडन चूक की बरोबर हा प्रश्न नंतरचा. दुसऱ्याचं म्हणणं मांडता आलं नाही, एवढ्यावरच पराभव.

तुमच्या मुलीचा दोष हाच आहे. चार्वाकाचं खंडन तिला पाठ असेल. चार्वाकाचं म्हणणं तिला मांडता येत नाही. ते मांडायचं तर असं: जिथे जिथे धूर तिथे अग्नी, या व्याप्तीवर अनुमान उभं असतं. ती व्याप्ती कळली कशी? डोळ्यांनी म्हणाल तर समोरचे धूर दिसतात. कालचे, उद्याचे, दूर देशीचे सगळे धूर कोणी पाहिले? अनुमानाने कळली म्हणाल तर त्या अनुमानाला पुन्हा व्याप्ती हवी, आणि याला अंत नाही. सर्वदर्शनसंग्रहाच्या पहिल्याच प्रकरणात माधवाचार्यांनी हे मांडलं आहे. ते स्वतः वेदांती, तरी मांडणी अशी की वाचणारा क्षणभर चार्वाक होतो.

१९८३ मध्ये पुण्यात तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञ समोरासमोर बसले होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचा विधानाविषयीचा सिद्धांत संस्कृतात मांडून नैयायिकांपुढे ठेवला गेला. आधी दुसऱ्याचं ऐकायचं, आपल्या भाषेत नीट उभं करायचं, मग बोलायचं. माझ्या मते तत्त्वज्ञानाची निष्पत्ती एका शब्दात सांगायची तर पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं. तो मांडता येतो का, एवढं तपासा.

ग्रामसभा

मी बी. ए. तत्त्वज्ञान केलं आणि आता पंचायत समितीत नोकरीला आहे. जुनीपोथी यांचा प्रतिसाद वाचून थांबलो.

माझ्या डोक्यात आज काय उरलंय? कांटच्या व्याख्या गेल्या. सत्यता कोष्टकं गेली. एक सवय आहे. पाणीवाटपाचं भांडण आलं की मी दोन्ही बाजूंना आधी समोरच्याची तक्रार सांगायला लावतो. निम्मी भांडणं तिथेच मऊ होतात, कारण समोरचा नेमकं काय म्हणतोय हे कोणी ऐकलेलंच नसतं. ही सवय वर्गातून आली की नोकरीने लावली, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आमचे सर कुठलाही मुद्दा खोडण्याआधी 'तो काय म्हणतो ते सांग' असं म्हणायचे, ते अजून कानात आहे.

आणखी एक. आमच्या बॅचची बरीच मुलं यूपीएससी-एमपीएससीसाठी या विषयाकडे आली होती. यूपीएससी मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय आहेच, शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे. त्यामुळे त्यांना छापील नोट्सच हव्या असायच्या. मॅडम, तुमच्या वर्गातही अशी मुलं असणार. त्यांना सोबत कसं घ्यायचं याचाही विचार करा.

दूरचा_दिवा

अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गांना टीचिंग असिस्टंट आहे. इथेही अधिस्वीकृतीसाठी हे सगळं करावं लागतं. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनचं या विषयावर जाहीर निवेदन आहे. त्याचा गाभा असा की तत्त्वज्ञानाच्या शिक्षणाचा मुख्य हेतू माहिती देणं नाही, तर अवघड प्रश्न समजून घेणं, मजकुराचा अर्थ लावणं, युक्तिवाद तपासणं आणि स्वतःचं म्हणणं स्पष्ट मांडणं हा आहे.

आमच्या विभागात जे केलं जातं त्यातल्या तीन गोष्टी मला खऱ्या उपयोगी वाटल्या. एक, गुण आणि हे मूल्यमापन पूर्ण वेगळं ठेवतात. विद्यार्थ्याच्या निकालावर परिणाम होत नाही, त्यामुळे शिक्षकालाही वाईट बातमी लिहायची भीती वाटत नाही. दोन, वर्षाला एकच निष्पत्ती घेतात. सगळ्या एकदम घेतल्या की एकही धड पाहिली जात नाही. तीन, शेवटच्या वर्षाचे निबंध नावं झाकून दोन जण स्वतंत्रपणे वाचतात आणि चार पातळ्यांत ठेवतात. दोघांत एका पातळीहून जास्त फरक पडला तर बसून बोलतात. ते बोलणंच सगळ्यात मोलाचं असतं. 'आक्षेप समजला आहे' म्हणजे काय, यावर दोन अनुभवी प्राध्यापक किती वेगळा विचार करतात हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

घरी लिहून आणायच्या निबंधावर मात्र आता भिस्त ठेवू नका. चॅटजीपीटी व्यवस्थित पूर्वपक्ष लिहून देतं.

रातराणी

दूरचा दिवा, हे शेवटचं वाक्य फार गंभीर आहे. म्हणजे पुन्हा तोंडीकडेच यावं लागणार, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जुनीपोथींनी लिहिलेलं अननुभाषण मी एम. ए.ला शिकवलंय, पण ते माझ्या स्वतःच्या पेपर तपासण्याला लावून बघावं असं मला कधी सुचलं नाही. माझा विरोध आकड्याला आहे, तो कायम आहे. सभेत बसवून 'याचं म्हणणं सांग' असं विचारायला माझा विरोध कसा असेल?

एकच सूचना. समोर मजकूर ठेवू नका, माणूस ठेवा. पुस्तकातला चार्वाक तक्रार करत नाही. समोर बसलेलं मूल 'मी असं म्हणालो नाही' असं म्हणू शकतं.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी परत आले, उशिराबद्दल क्षमा. दरम्यान करून बघितलं.

रातराणीताईंचं ऐकून जोड्या केल्या. विषय घेतला १८९१ चा संमतिवयाचा कायदा. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर न्यायची होती. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. वर्गात जवळजवळ सगळे आगरकरांच्या बाजूचे, म्हणून आगरकरवाल्यांनी आधी टिळकांचं म्हणणं मांडायचं असं ठरवलं. टिळकांची बाजू घेतलेल्या जोडीदाराने 'हो, हेच माझं म्हणणं' असं कबूल केल्याशिवाय पुढे जायचं नाही. वेळ जोडीला १५ मिनिटं. ११ जण असल्यामुळे एका मुलासमोर मी बसले.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांनी एकच सांगितलं, 'टिळक सनातनी होते म्हणून विरोध केला.' माझ्या मुलीचं चार्वाकाचं उत्तर जसं होतं तसंच. टिळकांच्या बाजूचा एक मुलगा चिडून म्हणाला, "मी मुलींची लग्नं लवकर करा असं म्हणतच नाहीये! परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घेऊन यायचा का, एवढंच विचारतोय." समोरच्या मुलीने पुन्हा मांडलं, त्याने पुन्हा नाकारलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "तुझं म्हणणं असं की सुधारणा आपण आपल्या आपण करू, पण ज्या सरकारला आपण निवडलेलं नाही त्याला तो अधिकार दिला तर उद्या तो कुठे थांबेल?" तो म्हणाला, "हां, हे." मग तिने उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ते आधीपेक्षा कितीतरी भक्कम होतं. त्या मधल्या १० ते १२ वर्षांच्या मुलींनी तोवर काय करायचं, असं तिने विचारलं. तो गप्प झाला. ही तीच मुलगी, ६१ गुणांची.

नोंद ठेवायला जुनीपोथींच्या यादीतले चारच दोष घेतले: अननुभाषण, अर्थांतर, न्यून आणि अप्रतिभा (उत्तर न सुचणं). इतिहासाच्या सहकाऱ्यांनीही सोबत बसून स्वतंत्र नोंद केली. दोन मुलांच्या बाबतीत आमचं जुळलं नाही. त्यांना जे अर्थांतर वाटलं तो मला वाजवी दृष्टांत वाटला. अजून त्यावर बोलणं चालू आहे.

आकडा '११ पैकी ५' असा आहे. पाच जणांना दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या समाधानाने मांडता आलं, तेही तीन-चार प्रयत्नांनी. तीन वर्षं शिकवल्यानंतरचा हा आकडा बघून मला रडू आलं. पण तो खरा आहे, पातळी ३ खरी नव्हती. जूनमध्ये नव्या एफवायला पहिल्याच महिन्यात हाच प्रकार करून नोंदी ठेवणार, इतिहासाची मुलंही घेणार. आमच्या अंतर्गत ३० गुणांतले १० यासाठी मिळावेत म्हणून अर्ज केलाय. गुणांपासून वेगळं ठेवा हे दूरचा दिवा यांचं म्हणणं पटतं, पण इथे गुण नसतील तर मुलं येणार नाहीत, हेही मला माहीत आहे.

ग्रामसभा, स्पर्धा परीक्षेची मुलं उलट सगळ्यात आधी तयार झाली. मुलाखतीचा सराव होतो म्हणाली.

सरासरी

५ हा आकडा तसाच शीटला जोडा, खाली नोंदींचं पान लावा. जे दोन कागद जुळले नाहीत ते टाकून देऊ नका, पुढच्या वर्षी तेच घेऊन दोघं पुन्हा बसा.

वर्कशॉप

मॅडम, हा जोड्यांचा प्रकार मला आठव्या पीओसाठी हवाय. आमच्याकडे विषय असेल: बॉयलरच्या तपासणीत त्रुटी सापडली, मॅनेजर म्हणतो उत्पादन थांबवू नका. मॅनेजरचं म्हणणं आधी मांडायचं. एका वर्गात ७० मुलं आहेत, १५ मिनिटं प्रत्येक जोडीला देणं शक्य नाही. पाच-पाचच्या गटात बसेल का हे? तुमचं नोंदीचं पान पाठवता का?